उपवास न करू देणारे महाराज

बेटावद, ता. ५ जून १९९६

चिरंजीव जावईबापू सुकलाल यांस ठगूबाईचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली कळवा, मग माझं काम सांगते. वत्सलाची टाच दुखत होती ती थांबली का? तिला म्हणावं, फरशीवर अनवाणी फिरू नको, तुझी आई सांगते. स्नेहाचा खोकला गेला का? अक्षयला चष्मा लागला म्हणे, तो डोळ्यावर ठेवतो की खिशात? शेजारच्या शांताबेनच्या पायाचं प्लास्टर निघालं का? आणि तुम्ही कसे आहात? तुम्ही पत्रात सगळ्यांचं सविस्तर लिहिता आणि स्वतःचं नुसतं ‘मी ठीक’. ठीक तर आमची म्हैसपण असते, जावईबापू.

इकडे भगवान डेअरीत, सूनबाई कुसुम घरात आणि मी ओट्यावर. माझे गुडघे कुरकुरतात, पण बाजारातून आणलेली गोळी घेतली की चालायला लागतात.

आता काम. येत्या सतरापासून धोंड्याचा महिना लागतो. जावयाला बोलावून जेवू घालायचा हा महिना तीन वर्षांनी येतो आणि मागच्या खेपेला तुम्ही कारखान्यातले सांचे, म्हणजे ते कापडाचे माग, बंद पडले म्हणून आला नाहीत. यंदा कोणाचे सांचे बंद पडोत की चालू राहोत, तुम्ही यायचं. अनारशाचे तांदूळ भिजत घालते. खापरावरची पुरणपोळी, सोबत कटाची लालभडक रस्सी, शेवभाजी, भरताला आपल्याच वावरातली मिरची. यंदाची मिरची अशी निघाली आहे की कुसुमने नुसती देठं खुडली तरी गल्ली शिंकली.

तुमच्या मामांच्या, म्हणजे आमच्या यांच्या मागे मी एवढी एकच हौस ठेवली आहे. पुढचा धोंडा मी बघेन की नाही, कोण सांगणार? तारीख कळवा.

अक्षराला हसू नका. किराण्याच्या पुड्या वाचून शिकलेलं अक्षर आहे, त्याला थोडं तेल लागलेलं असणारच.

तुमची सासू,
ठगूबाई


कोसाड, सुरत, ता. १२ जून १९९६

तीर्थरूप मामींना सुकलालचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. वत्सलाची टाच बरी आहे. स्नेहाचा खोकला गेला. अक्षयचा चष्मा खिशात असतो. शांताबेनचं प्लास्टर निघालं, आता त्या आधीपेक्षा जोरात चालतात. मी ठीक.

मामी, लिहिताना हात थांबतो, पण यंदाही जमेल असं दिसत नाही. शेठनं नवीन सांचे आणलेत आणि ते बसवून चालू करणारा जॉबर माझ्याशिवाय दुसरा नाही. अनारशाचे तांदूळ भिजवू नका. आणि खरं सांगू, मला हल्ली साधंच जेवण बरं वाटतं. तुमचा आशीर्वाद आहे तोच माझा धोंडा.

राग मानू नका.

आपला,
सुकलाल


कोसाड, सुरत, ता. १२ जून १९९६

प्रिय भगवान,

हे पत्र मुद्दाम डेअरीच्या पत्त्यावर टाकतोय. वाच आणि म्हशीला चार, घरी नेऊ नको.

मला पोटात अल्सर निघाला आहे. अल्सर म्हणजे जठराला आतून पडलेला व्रण. डॉक्टरांनी नळी गिळायला लावली. नळीच्या टोकाला दिवा. ते आतून माझं पोट बघत होते आणि मी बाहेर टेबलावर पडून देव बघत होतो. बिडी बंद, चहा बंद, तिखट बंद. उपाशी राहायचं नाही, पोटभरही जेवायचं नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं. म्हणून डब्यात मऊ भात, पिशवीत बिस्किटं आणि खिशात गोळ्या घेऊन फिरतो. कारखान्यातली पोरं मला ‘बाळंतीण’ म्हणतात. परवा एकानं डिंकाचे लाडू आणू का म्हणून विचारलं.

डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं नाही. हा व्रण जंतूनं होतो आणि आता त्यावर नवीन औषध निघालंय. या महिन्याच्या शेवटी दोन आठवड्यांच्या गोळ्या सुरू करतील, एकही चुकवायची नाही. तोवर आग शांत ठेवायची. आणि त्याच दिवसांत तुझी आई मला रस्सी पाजायला बोलावते आहे!

तुला माहीत आहे, धोंड्याच्या दिवशी जावयाचं ताट रिकामं झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नाही. मी अर्धं टाकलं तर ती उपाशी, मी सगळं खाल्लं तर मी दवाखान्यात. तिला खरं सांगावं म्हटलं, तर वत्सलानं शपथ घातली आहे. मामा पोटाच्याच दुखण्यानं गेले. ‘आईला अल्सर हा शब्द कळला तर ती अन्न सोडेल,’ असं ती म्हणते. तेव्हा तू फक्त एवढं कर, आईचा विषय सांच्यांवरून हलू देऊ नको.

तुझा पाव्हणा,
सुकलाल


बेटावद, ता. २२ जून १९९६

चिरंजीव जावईबापू यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, मग भगवानला वाचायला दिलं. तो म्हणाला, सांचे असतील. मी म्हटलं, असतील. पण ‘साधं जेवण बरं वाटतं’ हे वाक्य सांच्याचं नाही.

तेवढ्यात आपल्या गल्लीतला चिंधा पेरणीसाठी सुरतेहून आला. तो तुमच्या शेजारच्याच खात्यात सांचे चालवतो. त्याला ओट्यावर बसवलं, पुढ्यात भजी ठेवली आणि विचारलं, “चिंध्या, आमचे जावई कसे आहेत?” तो म्हणाला, “मावशी, काय सांगू, पाव्हण्याचं काही खरं नाही.”

मग त्यानं सांगितलं ते असं. तुम्ही चहा सोडला. बिडी सोडली. बिडी ओढायला स्वतःच्या वरातीत मागे राहिलेला माणूस तुम्ही! सुरतेजवळच्या सचिन गावी लग्नाच्या पंगतीत तुम्ही वरण, भाजी, कांदा, सगळ्याला हात जोडलेत आणि भातावर दूध मागून घेतलंत. वाढपी म्हणे बघतच राहिला. जेवणाआधी खिशातून काहीतरी काढता, डोळे मिटता आणि तोंडात टाकता. दर गुरुवारी पांढरा शर्ट घालून कुठेतरी जाता. कुठे म्हणून विचारलं तर ‘त्यांनी बोलावलंय’ एवढंच म्हणता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सांचा अडकला तरी शिवी देत नाही. छातीवर हात ठेवता आणि सावकाश श्वास घेता. जावईबापू, शिवी न देणारा जॉबर मी जन्मात ऐकला नाही.

मी काय ते समजले. तुम्ही कोण्या बुवाच्या नादी लागलात.

देवाधर्माला मी नाही म्हणत नाही. पण आमच्या मामेसासऱ्यांचं मी डोळ्यांनी बघितलं आहे. बुवाच्या नादी लागलेला माणूस आधी कांदा सोडतो, मग चहा सोडतो, मग बायको सोडतो. कांदा आणि चहा तुमचे सोडून झाले. आता राहिली माझी वत्सला.

माझं काही चुकलं असेल तर मला बोला. लग्नात तुमची घोडी लंगडी निघाली, तो दोष तुमच्या मामांचा होता. धोतर आखूड निघालं, तो दुकानदाराचा. पण माझ्या लेकीचा काही दोष नाही. तिला अंतर देऊ नका.

पत्रावर पाणी सांडलेलं दिसेल. ते पाणीच आहे असं समजा.

ठगूबाई


कोसाड, सुरत, ता. २८ जून १९९६

तीर्थरूप मामींना साष्टांग नमस्कार.

घोडी लंगडी होती हे मी कधीच विसरलो. धोतर आखूड होतं हे तर मला आत्ता कळलं. वत्सलाला अंतर देण्याचा विचार माझ्या मनाला शिवलेला नाही. मला मऊ भात रांधून घालणारी दुसरी कोण मिळणार?

तुम्ही ओळखलंतच, तर आता लपवत नाही. आहेत एक महाराज. कामरेजच्या रस्त्याला बसतात. भगवं नेसत नाहीत, पांढरा अंगरखा घालतात. गळ्यात एक काळी माळ असते. बोलतात फार थोडं. मनगट हातात धरलं की माणसाच्या आतलं ओळखतात. माझ्या आतलं तर त्यांनी असं बघितलंय की काय सांगू.

त्यांचे नेम कडक, पण संसारी माणसाला झेपणारे आहेत. चहा, बिडी, तिखट, तळलेलं वर्ज्य. थंड दूध चालतं. थोडं थोडं खायचं, पण दर दोन तासांनी खायचंच. रागवायचं नाही, कुढायचं नाही. जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही, झोपताना डोकं उंच. प्रसादाची वेळ चुकवायची नाही. आणि मुख्य म्हणजे महाराज उपवासाच्या अगदी विरुद्ध आहेत. संसार सोडा असं ते कधीच सांगत नाहीत, फक्त चहा सोडा म्हणतात.

परवापासून माझं दोन आठवड्यांचं अनुष्ठान सुरू होतंय. त्यात धोंडा बसत नाही, एवढंच कारण होतं. यात तुमचा काही दोष नाही, तुमच्या हाताचा तर मुळीच नाही. वत्सला शेजारी बसून हे पत्र वाचते आहे आणि मान डोलावते आहे.

आपला,
सुकलाल


बेटावद, ता. ३ जुलै १९९६

चिरंजीव जावईबापू यांस अनेक अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंत?

पण मला एक सांगा, असे महाराज असतात? मी आजवर जेवढे बुवा बघितले ते सगळे आपण खीर ओरपतात आणि बायांना उपवास सांगतात. हे तर दर दोन तासांनी खायला लावतात! मी ओट्यावर पत्र मोठ्यानं वाचलं. कुसुम हातातलं सूप ठेवून म्हणाली, “आत्या, मलाही यांचीच माळ घाला.” शेजारची द्वारका म्हणाली, नवऱ्यावर ‘रागवायचं नाही’ हा नेम घालता येईल का ते विचारा. भगवान मात्र तोंडावर उपरणं धरून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याला हसू का येतंय, देव जाणे.

मी विचार केला. जो माणसाला उपाशी राहू देत नाही, त्याच्या काळजात माया असणार. त्याच्या पायावर डोकं ठेवून एका दिवसाची सुटी मागितली तर तो नाही म्हणणार नाही. तुम्ही येऊ शकत नाही, तर मीच येते. चिंधा परत निघालाच आहे, त्याच्यासोबत मंगळवारी पॅसेंजरनं येईन. अनारसे तळून झाले आहेत. मिरची, मसाला, पाटावरवंट्यापैकी वरवंटा घेतला आहे, पाटा वत्सलाकडे आहे.

माझ्या जेवणाची खटपट नको. लेकीच्या घरचं अन्न मी खात नाही हे तुम्हाला माहीत आहे. वत्सलाच्या लग्नापासून पाळलंय, आता या वयात मोडायचं नाही. पाण्याचा तांब्या माझा असेल, दशम्या माझ्या असतील. गुरुवारी महाराजांकडे न्या, बस्स.

ठगूबाई


कोसाड, सुरत, ता. ७ जुलै १९९६

तीर्थरूप मामींना साष्टांग नमस्कार.

पत्र आत्ता हातात पडलं, आत्ताच उत्तर टाकतो. येऊ नका. महाराज अचानक हिमालयात गेले. मौन धरून गेले, त्यामुळे परत कधी येणार ते कोणाला सांगून गेले नाहीत. पॅसेंजरला गर्दी असते. तुमचे गुडघे दुखतील. इकडे पाणी भरपूर पडतंय. पाटासुद्धा फुटलाय.

वत्सला विचारते, हे पत्र आईला गाडीत बसण्याआधी मिळेल ना?

घाईत,
सुकलाल


बेटावद, ता. १९ जुलै १९९६

चिरंजीव जावईबापू सुकलाल यांस ठगूबाईचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचले. वत्सलाला, स्नेहाला, अक्षयला सांगा. शांताबेनला सांगा की त्यांनी दिलेली उशी मी चुकून घेऊन आले, पण डोकं उंच ठेवायला ती फार छान आहे, म्हणून लवकर परत मिळणार नाही.

घरी आले तर कुसुमनं तुमचं पत्र हातात ठेवलं. सात तारखेचं. त्यात लिहिलंय, महाराज हिमालयात गेले. मग गुरुवारी मी ज्यांच्या पायावर डोकं ठेवलं ते कोण होते हो?

तुम्ही त्या दिवशी दारातच, ‘मी चपला सांभाळतो’ म्हणून बाहेर थांबलात. आत नेमकं काय झालं ते तुम्हाला कोणी धड सांगितलं नसेल. डॉक्टर नुसते हसत होते आणि मी नुसती रडत होते. म्हणून आता नीट लिहिते.

मी सकाळपासून पाण्यावर होते. महाराज उपवासाच्या विरुद्ध असले तरी दर्शनाला उपाशीच जायचं, एवढं मला कळतं. हातात नारळ, हार आणि अनारशांचा डबा. आत बाकावर भक्तमंडळी बसलेली. एवढे भक्त, पण एकाच्याही तोंडावर आनंद नाही. कोणी पोट धरून, कोणी डोकं धरून. मी मनात म्हटलं, नेम फारच कडक दिसतात. भिंतीवर तसबीर होती. हात जोडले आणि बघते तर देव नाही, नुसतंच पोट! आतली आतडीसुद्धा रंगवलेली. गणपतीचं असेल म्हणून मी नमस्कार पुरा केला.

आत गेले. पांढरा अंगरखा होता, काळी माळ होती. मी सरळ पायावर डोकं ठेवलं. ते बिचारे खुर्चीसकट मागे सरकले. माझ्यामागे एक म्हातारा कागद दाखवायला आला होता, त्यानंही बघून लोटांगण घातलं.

महाराजांनी गुजरातीत काय होतंय म्हणून विचारलं, “माजी, शुं थाय छे?”

मी म्हटलं, “महाराज, माझ्या जावयाला एक दिवस सुटी द्या. धोंडा जेवू घालायचा आहे.”

“कोण जमाई?”

“सुकलाल. सांच्यांवर जॉबर आहेत.”

तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. हिंदीत म्हणाले, “अच्छा, सुकलालभाई! उनका अल्सर तो बहुत अच्छा हो रहा है।”

जावईबापू, तो शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. तुमच्या मामांच्या वेळी, धुळ्याच्या डॉक्टरांच्या तोंडून. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच, रिकाम्या तराजूसारख्या त्या वजनाच्या यंत्रावर बसले. त्यांना वाटलं मलाच काही होतंय. त्यांनी मला टेबलावर निजवलं, बरगडीखाली बोट दाबलं आणि मी ओरडले, “ओ माय!”

ते म्हणाले, “ये कब से है?”

आता खोटं काय बोलणार? त्यांचं बोट बरोबर जागेवर होतं. सांगितलं की बरीच वर्षं आहे. पहाटे आग होते, भाकरीचा तुकडा चावला की थांबते. त्यांनी विचारलं, घरात कोणाला सांगितलं का? मी म्हटलं, कोणाला सांगायचं? पोटाचं नाव काढलं की वत्सला घाबरेल, तिचा बाप पोटानंच गेला. ते म्हणाले, वत्सला कोण? मी म्हटलं, “बाहेर चपला सांभाळणाऱ्याची बायको.”

मग ते जे हसायला लागले ते लागलेच. तुम्हाला आत बोलावलं. आपण दोघं एकमेकांकडे कसे बघत उभे होतो, आठवतं? दूध पिताना पकडलेल्या दोन मांजरांसारखे. तुम्ही माझ्यापासून चोरत होतात, मी तुमच्यापासून, आणि दोघंही वत्सलाच्या नावानं.

मग त्यांनी समजावलं. माझा दोष त्या गुडघ्याच्या गोळीचा. चतुर्थी, एकादशी, सोमवार, मी उपाशी पोटी गोळी घ्यायची आणि पोट आतून सोलून निघायचं. ती गोळी बंद, उपवास बंद. वर म्हणाले, तुमच्या मामांच्या वेळी हे औषध नव्हतं, आता आहे. हे वाक्य मी पुन्हा एकदा सांगायला लावलं. आणि जाता जाता मी विचारून घेतलं, “महाराज, यांचं दुखणं माझ्या मिरचीनं झालं का?” ते म्हणाले, नाही, जंतूनं झालं. हे तुम्ही वत्सलाच्या कानावर घाला. मिरची निर्दोष सुटली आहे.

पण खरी परीक्षा घरी आल्यावर झाली. खाल्ल्यावर लगेच गोळी घ्यायची होती. माझ्या दशम्यांना तर लसणाच्या चटणीचा लेप, त्या चालणार नव्हत्या. वत्सलानं माझ्यापुढे दूध-भाताची वाटी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभी राहिली. मी वाटीकडे बघत बसले. लेकीच्या घरचा घास, जावईबापू. एवढ्या वर्षांत तिनं मला किती वेळा विचारलं असेल आणि मी किती वेळा नाही म्हटलं असेल.

तुम्ही काही समजावलं नाहीत. आपली वाटी उचललीत, माझ्यासमोर येऊन बसलात, वाटी जमिनीवर ठेवलीत आणि म्हणालात, “मामी, तुम्ही जेवल्याशिवाय मी तोंडात पाणीसुद्धा घेणार नाही.”

दर धोंड्याला हे मी म्हणते हो. ते तुम्ही मला म्हणालात.

भात गोड होता. वत्सलानं त्यात वेलची घातली होती, ते तुमच्या नेमात बसतं की नाही मी विचारलं नाही. तिची पाठ हलत होती, तेपण आपण दोघांनी बघितलं नाही असंच समजू.

आणि रविवारी धोंडा झालाच की! अनारसे अक्षय आणि चिंध्यानं संपवले, तुम्ही फक्त वासावर भागवलंत. पण पुरण भरलेले वाफवलेले मऊ धोंडे तुम्ही दुधात कुस्करून खाल्लेत आणि ताट चाटूनपुसून रिकामं केलंत. रस्सीशिवाय केलेला हा माझा पहिलाच धोंडा. भगवानला सांगितलं तर म्हणाला, “आई, मला आधीच माहीत होतं.” मी त्याच्या डेअरीच्या पत्रांची आता चौकशी लावली आहे.

सध्या मी दुपारी ओट्यावर वाटी घेऊन बसते, गोळी घेते, मग डोळे मिटून घटकाभर स्वस्थ. कोणावर रागवत नाही. काल दूध उतू गेलं तरी कुसुमला एक शब्द बोलले नाही, तर ती घाबरून भगवानला बोलावून आली. गल्लीतल्या बायका विचारतात, कोणाची माळ घातली? मी म्हणते, सुरतेच्या महाराजांची. पांढरा अंगरखा, काळी माळ, उपवासाच्या विरुद्ध. यात खोटं काय आहे?

एक घोटाळा मात्र झाला आहे. द्वारकाला कित्येक वर्षांपासून छातीत जळजळ होते, पण दवाखाना म्हटलं की ती शेतात पळते. महाराज म्हटल्यावर मात्र ती पिशवी भरून तयार आहे. तिची जाऊ तयार आहे आणि जावेची आईपण. नारळ आणले आहेत. गुरुवारच्या गाडीनं मी त्यांना घेऊन निघते.

तुमच्या गोळ्या संपल्या, आता पुन्हा नळी घालून बघणार होते, त्याचं काय झालं? खरं लिहा, ‘ठीक’ लिहू नका. आणि महाराज हिमालयातून आले असतील तर त्यांना सांगून ठेवा, पाय मागे घेऊ नका म्हणावं, बाया वयस्कर आहेत. दुपारचा दूध-भात खा आणि लगेच उत्तर टाका, म्हणजे गाडीत बसण्याआधी मिळेल.

तुमची सासू आणि गुरुभगिनी,
ठगूबाई